झाकणावरचं पाणी ते महिन्याचं बिल: आपल्या घरातल्या इंधनबचतीचा इतिहास

(या आठवड्याच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जसं आलं, तसंच बरंचसं ठेवलंय.)

सुरुवातीलाच दोन प्रश्न. गेल्या महिन्यात तुमच्या घरी विजेचे किती युनिट जळाले? रुपये नाही विचारत, युनिट विचारतोय. आणि दुसरा प्रश्न, सध्या चालू असलेला गॅसचा बाटला कुठल्या तारखेला लावला?

बिलाचा आकडा तुम्हाला साधारण आठवेल, कारण मोबाइलवरून तुम्हीच भरलाय. युनिट बहुतेकांना सांगता येणार नाहीत. बाटल्याची तारीख तर जाऊच द्या. आता हाच प्रश्न साठ-सत्तर वर्षांपूर्वी घर चालवणाऱ्या बाईला विचारला असता तर? सरपण किती दिवस पुरेल, रॉकेलच्या डब्यात किती बोटं तेल उरलंय, कोळशाचं पोतं कधी रिकामं होणार, सगळा हिशोब तिच्या डोक्यात असायचा. तिला वेगळी शिस्त लागत नव्हती. इंधन रोज तिच्या डोळ्यांसमोर कमी होत होतं, एवढंच.

आजच्या भागाचा मुद्दा हाच आहे. इंधन दिसत होतं तोवर बचतीच्या सवयी टिकल्या. इंधन पाइपात, तारेत आणि ऑटो-पेमध्ये शिरलं, तशा त्या सुटत गेल्या. हे कसं घडलं ते बघूया, आणि शेवटी त्यातून आज आपल्याला काय घेता येईल तेही.

चुलीला जोडलेली वैल

सुरुवात चुलीपासून. आपल्याकडच्या जुन्या चुली नीट बघितल्यात का कधी? मुख्य चुलीच्या बाजूला किंवा मागे अजून एक भोक असतं. त्याला वैल म्हणतात. वैलीखाली वेगळी लाकडं लावत नाहीत. मुख्य चुलीतली धग पुढे सरकते आणि वैलीतून बाहेर पडते. म्हणजे पुढे तव्यावर भाकरी चालू असते आणि वैलीवर त्याच लाकडांवर डाळ रटरटत असते, किंवा पाणी तापत असतं.

आम्हाला इंजिनिअरिंगला 'वेस्ट हीट रिकव्हरी' नावाचा धडा होता. वाया जाणारी उष्णता पकडून पुन्हा वापरायची. कारखान्यात त्यासाठी मोठी यंत्रं बसवतात. आपल्याकडे ते काम मातीत हाताने केलेलं होतं.

दुसरी गोष्ट निखाऱ्यांची. स्वयंपाक संपला की उरलेल्या धगीवर पाण्याचं किंवा दुधाचं भांडं ठेवायचं. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे. राखेमुळे हवा कमी मिळते, त्यामुळे निखारा हळूहळू धुमसत राहतो. सकाळी राख बाजूला करून फुंकणीने फुंकलं की जाळ तयार. काडेपेटीतली काडीसुद्धा वाचायची.

पण थांबा, 'जुनं ते सोनं' वगैरे म्हणायचं नाहीये मला. ही बचत हौसेची नव्हती. लाकडं डोक्यावरून आणायला लागायची आणि धूर बाईच्याच डोळ्यांत आणि छातीत जायचा. या मुद्द्याकडे आपण परत येणार आहोत.

वखार, शेगडी आणि भुसा

शहरात आलेल्या माणसाला रानातलं सरपण कुठून मिळणार? त्याला लाकडं वखारीतून विकत घ्यावी लागायची. मुंबईच्या चाळीत आणि पुण्याच्या वाड्यात कोळशाच्या शेगड्या पेटायला लागल्या. इंधनाला दर महिन्याला रोख पैसे मोजायची सवय इथे लागली.

आणि मग डोकी चालायला लागली. त्यातली एक भारी वस्तू म्हणजे भुशाची शेगडी. लाकडाच्या गिरणीत करवतीखाली जो भुसा पडतो, तो स्वस्तात मिळायचा. पत्र्याच्या डब्याच्या मधोमध बाटली किंवा गोल दांडका उभा धरायचा, भोवती भुसा ठासून भरायचा आणि दांडका अलगद काढून घ्यायचा. मधे पोकळ नळी तयार होते. खालून पेटवलं की भुसा आतून बाहेर असा सावकाश जळत जातो. एकदा भरली की शेगडी बराच वेळ चालते. भुसा सैल भरला तर सगळा कोसळतो, म्हणून ठासणं हेच खरं कौशल्य.

त्याच सुमारास, १९१० मध्ये, कोलकात्यात इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर बनवला. खाली थोडे पेटते कोळसे, वर एकावर एक डबे आणि बाहेरून बंद भांडं. भात, डाळ, भाजी एकाच धगीवर वाफेने शिजायचं. डबे लावून माणूस कामाला गेला तरी चालायचं. एका जाळावर जास्तीत जास्त पदार्थ, हा वैलीचाच विचार. फक्त आडवा होता तो इथे उभा झाला.

झाकणावर पाणी कशासाठी?

आता माझा आवडता भाग. मराठी घरांत सुकी भाजी करताना कढईवर ताट झाकतात आणि त्या ताटात पाणी ओततात. माझी आजी हे करायची, आई करते. लहानपणी मी आजीला कारण विचारलं होतं. "भाजी करपत नाही रे," एवढंच उत्तर मिळालं. उत्तर बरोबर होतं, पण त्यामागचं गणित मला खूप नंतर, कॉलेजात कळलं.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. आणि उकळी आलेलं तेच पाणी पूर्ण वाफ करून उडवायला? साधारण २,२५७ किलोज्यूल. म्हणजे सातपट! उघड्या भांड्यात पदार्थ खदखदत ठेवला की आपला गॅस मुख्यतः वाफ बनवत बसतो. पदार्थ मात्र त्यामुळे लवकर शिजत नाही, कारण उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांच्या आसपासच थांबतं. जाळ मोठा केलात तर फक्त वाफ जास्त होते.

आता ताटातलं पाणी काय करतं बघा. आतली वाफ वर येते आणि थंड ताटाला लागून पुन्हा पाणी होऊन भाजीत पडते. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते, म्हणून करपत नाही. वाफेने सोडलेली उष्णता ताटातल्या पाण्याला मिळते. मग भाजीला पाणी कमी पडलं तर तेच गरम पाणी आत ओतायचं. गार पाणी घातलं असतं तर उकळी बसली असती. झाकण, पाण्याची बचत आणि पुढच्या पाण्याची आगाऊ तयारी, तीन कामं एका ताटात. तेही कुठल्याही पत्रकात छापून येण्याच्या कितीतरी आधी.

लाटणं, रांग आणि सरकारी पत्रकं

पत्रकं आली ती सत्तरच्या दशकात. तो काळ जरा समजून घेऊ.

१९७२ मध्ये महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. महागाई वाढत होती आणि रेशनच्या दुकानात धान्य, तेल, रॉकेल यांसाठी रांगा होत्या. त्याच वर्षी मुंबईत महागाईविरोधात बायका एकत्र आल्या. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट. वेगवेगळ्या पक्षांच्या या नेत्या एका व्यासपीठावर उभ्या राहिल्या. हातात लाटणी घेतलेल्या हजारो बायका रस्त्यावर आल्या आणि 'लाटणे मोर्चा' हा शब्द मराठीत कायमचा रुजला. तोपर्यंत बायका काटकसरीचं ओझं घरातल्या घरात झेलत होत्या. लाटण्यांनी तो प्रश्न सरकारच्या दारात नेला.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, पश्चिम आशियात युद्ध पेटलं. अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपाला तीन डॉलरच्या आसपासवरून बाराच्या जवळ गेला. भारत तेल आयात करणारा देश. रॉकेल आणि गॅस दोन्ही त्याच साखळीतले. थेट दणका बसला.

१९७८ मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलियम बचतीसाठी 'पीसीआरए' ही संस्था उभी केली. इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रातून 'नूतन' नावाचा वातीचा स्टोव्ह आला, जो कमी रॉकेलमध्ये जास्त आच द्यायचा. आणि प्रचार सुरू झाला. भांड्यावर झाकण ठेवा. डाळ-तांदूळ आधी भिजवा. पाणी मोजून घाला. उकळी आली की आच कमी करा. सगळी तयारी झाल्यावरच गॅस पेटवा. बर्नर साफ ठेवा.

यादी वाचून काय वाटतं? सल्ले शंभर टक्के खरे आहेत. पण यातले बरेचसे ज्यांना सांगितले जात होते, त्या बायकांना आधीपासून माहीत होते. गंमत म्हणजे हे सल्ले पुढे खऱ्या अर्थाने लागू पडले ते त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना. म्हणजे आपल्याला.

कुकरची शिटी आणि गॅसचा बाटला

सवयींइतकाच मोठा फरक एका वस्तूने पाडला. प्रेशर कुकर. मूळ कल्पना जुनी, १६७९ मध्ये डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये दाखवलेली. भारतात प्रेस्टीज आणि हॉकिन्स हे दोन्ही १९५९ मध्ये बाजारात आले. आतला दाब वाढला की पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ चटकन शिजते. आपल्या घरांनी त्यात डबे बसवले. खाली डाळ, मधे भात, वर बटाटे. इकमिकचीच युक्ती, आता दाबाखाली.

इथे एक सवय मात्र आपण उगाच लावून घेतली. शिट्ट्या मोजायची. शिटी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणं, आणि वाफ म्हणजे काय ते आत्ताच बघितलंय. आतला दाब पहिल्या शिटीलाच पूर्ण झालेला असतो. त्यानंतर आच बारीक केली तरी दाब टिकतो आणि पदार्थ शिजत राहतो. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या काढण्यापेक्षा एक शिटी आणि मग बारीक गॅसवर काही मिनिटं, हे स्वस्त पडतं.

गॅस मुंबईत आला १९५५ च्या सुमारास, बर्मा शेल कंपनीकडून. कोलकात्यात इंडेनचं पहिलं कनेक्शन १९६५ चं. पण सर्वसामान्य घराला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. घरी बाटला आला की पेढे वाटायचे लोक. आणि एकच बाटला असलेल्या घरात तो अवेळी संपणं म्हणजे संकटच.

म्हणून लोकांनी न दिसणारा गॅस 'दिसण्याची' सोय केली. नवा बाटला लावला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहायची. बाटला किती दिवस चालला ते पुढच्या वेळी कळायचं. पाच दिवस आधी संपला तर घरात चर्चा व्हायची. पाहुणे आले होते का? बर्नर काळा झालाय का? नळी गळतेय का? आणि अजून एक युक्ती: ओल्या फडक्याने बाटला पुसायचा. आत जिथपर्यंत द्रव गॅस आहे तो भाग उशिरा वाळतो, वरचा रिकामा भाग आधी. झालं, गेज तयार! (बाटला आडवा पाडून शेवटचा गॅस काढणं मात्र अजिबात करू नका. द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये येऊ शकतो. ती बचत नाही, ती आग आहे.)

माझ्या भाषेत सांगायचं तर कॅलेंडर म्हणजे त्या घराचा लॉग होता. सर्व्हरवर लॉग नसला की बिघाड कळतो तो थेट ग्राहकाचा फोन आल्यावर. आपल्या घरी तो फोन म्हणजे बिल.

तारेतून येणारं इंधन

विजेचं सगळंच वेगळं. मुंबईला १९१५ पासून टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज मिळायला लागली. पण घरात वीज कधी 'साठलेली' दिसलीच नाही. डबा नाही, पोतं नाही, बाटला नाही. एक मीटर, तोही जिन्याखाली.

डोनेला मेडोज या अमेरिकन अभ्यासक, 'लिमिट्स टू ग्रोथ' या १९७२ च्या गाजलेल्या पुस्तकाच्या लेखकांपैकी एक. त्या एक ऐकलेली गोष्ट सांगायच्या. ॲमस्टरडॅमजवळ एकसारखी घरं होती. काही घरांत विजेचा मीटर तळघरात, काहींत समोरच्या दालनात, येता-जाता दिसेल असा. समोर मीटर असलेल्या घरांत वीज सुमारे तीस टक्के कमी जळायची. दर तोच, घरं तीच. फक्त फिरणारी चकती डोळ्यांसमोर होती.

आपल्याकडे विजेच्या बचतीत मोठी उडी उपकरणांमुळे आली, हे मान्य करायला हवं. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ मध्ये बीईई स्थापन झाली आणि २००६ पासून फ्रीज-एसीवर तारे दिसायला लागले. २०१५ मध्ये उजाला योजना आली. एलईडी बल्बचा सरकारी खरेदीचा दर २०१४ मध्ये ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बचं काम सात-नऊ वॅटवर आलं.

पण इथे एक जुना सापळा आहे. १८६५ मध्ये विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने लिहिलं होतं की इंजिनं कमी कोळशात चालायला लागली म्हणून कोळसा कमी लागणार नाही, उलट वापर वाढेल. आपल्या घरात बघा. "एलईडीच तर आहे, राहू दे चालू." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल.

मग आज काय करायचं?

फार लांबड लावत नाही. जिथे खरा पैसा आहे तेवढंच.

आधी बिलाची रचना समजून घ्या. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. १०१ वं युनिट जळलं म्हणजे सगळं बिल वरच्या दराने लागत नाही, फक्त वरची युनिटं महाग लागतात. पण दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. म्हणजे तुम्ही वाचवलेलं युनिट हे तुमच्या बिलातलं सगळ्यात महागडं युनिट असतं.

पंखा: साधा पंखा पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास घेतो. रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी पंखा ३० वॅटचा धरला तर ११ युनिट. एका पंख्यामागे १६ युनिटांचा फरक. आणि रिकाम्या खोलीतला पंखा कुणालाच गार करत नाही. तो वारा अंगाला लागतो म्हणून गार वाटतं, खोली थंड होत नाही.

गीझर: १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. ते सगळं वापरलंत तर वाया काही गेलं नाही. वाया जातं ते टाकीत उरून गार होणारं पाणी. म्हणून अंघोळीच्या थोडं आधी लावा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकापाठोपाठ अंघोळी उरका. पूर्वी बंब पेटला की असंच चालायचं.

एसी: २०२० पासून नव्या एसींचं सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवायचा नियम आहे. बीईईच्या हिशोबाने एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २४ वर ठेवून मंद पंखा लावा.

बंद दिसणारी उपकरणं: दहा वॅट घेणारा सेट-टॉप बॉक्स दिवसरात्र चालू राहिला तर महिन्याला सात युनिट. बटण भिंतीवर बंद करा.

आणि स्वयंपाकघर: झाकण, भिजवलेली डाळ, बारीक आच. बस.

एक महत्त्वाची गोष्ट

मघाशी म्हटलं होतं, धुराकडे परत येऊ. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या कोट्यवधी घरांत बाटला पोहोचला. तरी आजही अनेक गावांत चहा गॅसवर होतो, आणि भाकऱ्या व अंघोळीचं पाणी चुलीवर. कारण पुढचा बाटला भरायला एकदम हजाराच्या आसपास रुपये काढावे लागतात. कागदावर त्या घराने गॅस 'वाचवला' असं दिसतं. प्रत्यक्षात गॅसचे पैसे एका बाईने धूर गिळून भरलेले असतात.

म्हणून बचत हा शब्द वापरताना विचारायला हवं: वाचलं काय, आणि त्याची किंमत कुणी दिली? झाकण ठेवणं ही बचत. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करणं ही बचत. पैसे नाहीत म्हणून चुलीकडे परत जाणं याला नाइलाज म्हणतात. त्यावर उपाय सवयींचा नाही, परवडणाऱ्या दराचा आहे. १९७२ च्या बायकांना हा फरक नेमका कळला होता. घरात काटकसर करत होत्या, आणि बाहेर लाटणंही उगारत होत्या.

आणि हो, आपल्या घरातही 'बचत कर' असं आईला सांगून कानात इअरफोन घालू नका. स्वयंपाक, अंघोळ, एसीचा रिमोट, सगळ्यांच्या हातात काहीतरी आहे.

या महिन्याचं काम

दर रविवारी सकाळी मीटरचा फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका. फक्त फोटो, सल्ला नाही. नवा बाटला लावलात की तारीख लिहा, कॅलेंडरवर किंवा फोनमध्ये. पाइपचा गॅस असेल तर त्या मीटरचाही फोटो. चार रविवारांनंतर तुमच्याकडे चार आकडे असतील, आणि कुठल्या आठवड्यात काय झालं होतं ते आपोआप आठवेल.

ते आकडे आम्हाला नक्की पाठवा. आणि तुमच्या घरची इंधन वाचवायची एखादी खास युक्ती असेल तर तीसुद्धा, शक्यतो आजी-आजोबांच्या आवाजात रेकॉर्ड करून. चांगल्या युक्त्या आपण पुढच्या भागात ऐकवू.

भेटूया तर मग. निघता निघता त्या खोलीतला पंखा तेवढा बंद करा!